स्टीलची पट्टी

लाल आहे तोवर थांबायचं.
हिरवं झालं की दाबायचं.
एवढंच तर आहे.

दोनशे एकतीस. दोनशे चोवीस. दोनशे सव्वीस.
मग एकदा हिरव्याच्या आधीच बोट गेलं,
स्क्रीन म्हणाला, घाई केलीत.
आई म्हणते तसंच, फक्त अहोजाहो करून.

घणसोली, सेक्टर चार, पोटमाळ्यावर मी.
प्रज्योतचा जुना मॉनिटर घेतला, हप्त्याने,
एका रात्रीत आकडा चौदाने उतरला.
पेढे वाटायच्या बेतात होते.
इरफान म्हणाला, ते चौदा तुझे नव्हतेच गं,
काचेचे होते.

तेव्हापासून डोकं फिरलंय.
वायरीचे किती, माउसचे किती,
अपुऱ्या झोपेचे किती,
आणि सगळं वजा जाता
माझ्या वाट्याला उरतात किती.

कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवते:
भात जेवल्यावर दोनशे अठ्ठावन्न.
भांडी घासून हात गार पडल्यावर दोनशे चाळीस.
आईशी भांडून आल्यावर दोनशे अकरा (हे कसं काय?)
पहाटे, कुणी उठायच्या आत, दोनशे नऊ.
रविवारी वाशीला मॅच आहे.

पप्पांनी कॅलेंडर उलटून पाहिलं.
सत्तावीस वर्षं रबाळ्याच्या शेडमध्ये लेथवर,
केसाएवढ्या फरकाचं मला काय सांगतेस, असा चेहरा.
म्हणाले, यंत्र कशाला, पट्टी आण.
एक फुटी, स्टीलची,
मागे खिळ्याने कोरलेलं दि. ग. ठों.

त्यांनी वरून धरली,
माझी दोन बोटं शून्यापाशी उघडी.
न सांगता सोडली.
अठरा सेंटिमीटरवर पकडली मी.
म्हणजे एकशे ब्याण्णव. मध्ये काच नाही ना.

मग त्यांची पाळी.
पट्टी बोटांतून आरपार, फरशीवर ठण्.
परत. ठण्.
तीस सेंटिमीटर संपतात तिथे दोनशे सत्तेचाळीस,
त्याच्या पुढचं पट्टीला माहीत नाही.
तेलकट झालीये, म्हणाले, आणि पायजम्याला पुसली.
ठण्.
आई म्हणाली, आमटी निवतेय.

आमटी वाढताना मला आठवलं,
हल्ली ते दुसऱ्या हाकेला वळून बघतात.
मी म्हणायचे, टीव्ही मोठा असतो.

रात्री साडेबारा. मी वर, लाल समोर.
खाली स्वयंपाकघरात
ठण्.
डाव्या हाताने सोडायची, उजव्याने धरायची.
स्वतःच सोडणार, स्वतःच धरणार,
यात चोरी आहे पप्पा.
खाली जाऊन सांगितलं नाही.

ठण्.
दोनशे एकोणीस.
ठण्.
घाई केलीत.
ठण्.
ओट्याचा दिवा लावल्याचा खटका.
ठण्.

मग
आवाज आला नाही.

मी त्या आवाजाची वाट बघत बसले,
माउसवर बोट, कान जिन्यात.
समोर हिरवं केव्हा झालं कुणास ठाऊक.
दाबलं तेव्हा
तीन हजार एकशे बारा.

कॅलेंडरवर तेही लिहिलं.
कारणाची जागा कोरी सोडली.