सहाशे एकतीस पूर्णांक चार

माझ्याकडे बीलिब नाही.
बीए आहे, इतिहास, दुसरी श्रेणी,
आणि देगलूरच्या बसस्टँडमागं मामाच्या बाइंडिंगच्या दुकानात
खळ शिजवत काढलेली सहा वर्षं.
कॉलेजात आले ती फाटकी पुस्तकं शिवायला, तीन महिन्यांसाठी.
मस्टरवर अजून तेच आहे : 'तात्पुरती'.
चौदा वर्षं झाली त्याला.

आकडे टेंभुर्णे सरांनी शिकवले.
रिटायर होताना दशांशाची ती जाडजूड पोथी
टेबलावरून माझ्याकडं सरकवत म्हणाले,
'जगातलं सगळं यात बसतं, बाई.
नाही बसलं तर जरा दाबायचं.'

मी दाबत गेले.
उर्दूचं कपाट अमीनाच्या अब्बांकडून वाचून घेतलं,
कानडीची नावं औरादच्या बसच्या कंडक्टरकडून,
गाडी सुटायच्या आत.
तेलुगूची सात पुस्तकं अजून तशीच आहेत, बिननंबरी.

यंदा जूनमध्ये नव्या मॅडम आल्या.
नेट, सेट, बारकोडचं यंत्र.
चांगल्या आहेत. एरवी 'ताई' म्हणतात,
समितीपुढं 'आमच्या अटेंडंट'.
तेही खोटं नाही.

तिसऱ्याच दिवशी त्यांना सापडलं :
'काळ्या मातीचा सामू', पानं चौसष्ट,
मृदाशास्त्राच्या फळीवर.
सहाशे एकतीस पूर्णांक चार, माझ्याच अक्षरात.
'ताई, ह्या कविता आहेत.'

दोनदा शिवलं होतं मी ते पुस्तक.
शिवताना दोरा बघायचा असतो,
ओळींकडं कोण बघतं?
'डिग्री असती तर' असं
कुणीच म्हणालं नाही,
पण दिवसभर माझे कान तापलेले.

मॅडमनी नंबर खोडला.
आठशे एक्क्याण्णव पूर्णांक चार सहा एक.
सगळ्यात वरची फळी, बरोबर जागा.

संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी
मी मागच्या पानावरच्या तारखा मोजल्या.
एकवीस शिक्के.
प्रकल्पासाठी माती तपासायची म्हणून
बीएस्सीची एकवीस पोरं हे घेऊन गेली
आणि एकानंही, बाई हे काय दिलंत, म्हटलं नाही.
मुक्रमाबादच्या एकानं तर तीनदा मुदत वाढवून घेतलेली.
पान चाळीसच्या कडेला पेन्सिलीनं, बारीक :
'हे आमच्या वावराचंच आहे.'

(पुस्तकात लिहिल्याचा दंड दहा रुपये.
कुणाकडून घेऊ?)

आता जानेवारी चालू आहे.
वरच्या फळीवर गेल्यापासून त्याच्यावर शिक्का नाही.

मी काही बोलले नाही. चूक ती चूक.
फक्त परवा, मॅडम जेवायला गेलेल्या,
एक पोरगं दारात चप्पल काढून उभं.
'मातीवर काही आहे का?'

मृदाशास्त्राची फळी त्याच्या हाताशीच होती.
मी स्टूल ओढलं.