एकेचाळिसाव्या मिनिटाला

उणे बावन्न होतं त्या पहाटे.
केस्किलनं कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या बगलेत धरल्या होत्या
कोंबडी अंडी उबवते तशा.
मी माइक धरून उभी,
आणि आमची नटी क्युन्नेय, एरवी गुरांची डॉक्टर,
नवऱ्याच्या थडग्यापाशी
नुसती श्वास सोडत होती.
संवाद नव्हताच तिथे.
इतक्या थंडीत श्वास तोंडाबाहेर पडताच गोठतो,
चुरचुरतो,
दूर कुणी सुपातून धान्य ओतावं तसा.
एकोणीस सेकंद.
त्यांच्यापायी माझ्या उजव्या हाताचं एक बोट
अजून गरम-गार ओळखत नाही.

साखा बोलणारी माणसं मोजकी,
थिएटरं त्याहून मोजकी.
शुक्रवारी याकुत्स्कला लागला.
शनिवारी लोक उभ्यानं बघत होते.
रविवारी कुणीतरी मांडीवर फोन टेकवला.

मंगळवारी बसमध्ये, शेजारच्या बाईच्या तळहातावर
आमचा सिनेमा.
खालच्या कोपऱ्यात कुणाच्या तरी लोकरी टोपीचा गोंडा.
मी डोकावतेय पाहून
तिनं एक इअरफोन माझ्या कानात दिला.
'बघ गं, आपल्या भाषेतला आहे.'
एकेचाळिसाव्या मिनिटाला क्युन्नेय थडग्यापाशी आली,
ओठ उघडले,
आणि थिएटरात कुणीतरी खोकलं.
दोनदा. ओला, सिगारेटचा खोकला.

मिचिलनं ट्रक गहाण टाकून पैसा उभा केला होता.
ट्रक गेला.
बर्फावरच्या रस्त्यानं तो आता दुसऱ्याचा माल नेतो.
मी लग्नं रेकॉर्ड करते.
वर्षभर तो खोकला शोधत होते,
दवाखान्यात, बँकेच्या रांगेत, जिन्यात.
सापडला असता तर काय केलं असतं कोण जाणे.
औषध घेतलंस का, एवढंच विचारलं असतं बहुधा.

मार्च संपताना मावशीच्या गावी गेले,
नदीच्या बर्फावरून नऊ तास.
थिएटर सोडाच, तिथे सफरचंदसुद्धा विमानानं येतं.
अंगणात पोरं आमचा सिनेमा खेळत होती.
सात-आठ वर्षांची एक पोर
सरपणाच्या ढिगापुढे थांबली. ते थडगं.
सगळी चिडीचूप.
तिनं तोंड उघडलं
आणि दोनदा खोकली.
हुबेहूब.

'तिथे खोकला नाहीये,' मी म्हटलं.
'आहे! नवरा त्यानंच गेला ना?
आता तिलाही लागलाय.'

मी पिशवीतून हेडफोन काढले.
तिला ते मोठे होत होते, दोन्ही हातांनी धरून बसली.
एकोणीस सेकंद लावले.
'यात काहीच नाही,' म्हणाली.
हेडफोन मात्र काढेना.
'परत लाव.'

मी आवाज वाढवला.
मागे बाकीची पोरं
आळीपाळीनं खोकत होती.