खटका

टोलेडोत मार्चचा बर्फ अजून अंगणात मळकट पडलेला,
शेजारच्या मार्लीन कोवाल्स्कीबाईंच्या
अकरा वर्षांच्या लॅपटॉपवर
मी लिनक्स चढवलं.

"सोपं आहे," म्हणालो.
त्यांनी चष्मा पुसला, विचारलं एवढंच:
पत्त्यांचा डाव कुठे गेला?
आणि स्टॅनचे फोटो?

डाव सापडला. फोटो होतेच.
प्रिंटर मात्र रुसला तो रुसलाच.

जूनमध्ये डोकावलो तर बाई सराईत;
फक्त बाण अजून धावतो
डाव्या कोपऱ्याकडे,
जिथे आता काहीच नाही.
"हाताला कोण सांगणार?" म्हणाल्या.

हसलो.
घरी आलो, काळोखात चाचपडत
दिव्याचा खटका खाली दाबला.

इथे तो वर करायचा असतो.
सतरा वर्षं झाली.