हजेरी

पुतणीनं फोटो पाठवला,
जर्मनीतल्या कुठल्याशा लहान गावच्या कचेरीतून:
भिंतीवर काळ्या चौकटीत जुन्या अंमलदारांची यादी,
सन सोळाशे काहीतरी.
खाली तिनं लिहिलं होतं,
नागोजीकाका, ही तुमचीच माणसं.

संकेश्वर नगरपालिकेत छत्तीस वर्षं दप्तर सांभाळलं मी.
यादी दिसली की बोट आपोआप पहिल्या नावावर जातं
आणि तोंड म्हणतं, हजर?

ब्युर्गरमाइस्टर. जिभेला दोनदा ठेच लागली.
म्हणजे नगराध्यक्ष. पाळीपाळीनं, ती म्हणते, एकेक वर्ष.
पाळी आमच्याकडेही होती,
फक्त ती कुणाची, यावर खुर्च्या उडायच्या.

खजिनदार. तिथली पेटी तीन कुलपांची,
तीन किल्ल्या तीन खिशांत.
आमची दोन कुलपांची. एक किल्ली चीफ ऑफिसरकडे,
दुसरी गंगाधर हिरेमठांच्या करदोट्याला.
ते गेले त्या सकाळी मुलानं आधी ती किल्ली
माझ्या टेबलावर आणून ठेवली,
मग खांद्याला माणसं मागितली.

वजनं तपासणारा.
पाव हलका निघाला तर तिथं म्हणे
भटाऱ्याला पिंजऱ्यात घालून नदीत बुचकळायचे.
आमचा रवळू बिर्जे मिरचीच्या पोत्यांमधून शिंकत फिरायचा,
तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेली चिंच बोटानं शोधायचा,
तीच तोंडात टाकून पावती फाडायचा.
हिरण्यकेशीत कुणाला बुचकळलं नाही.
उन्हाळ्यात तेवढं पाणीही नसायचं.

विहिरींवरचा. आगीवरचा. वेशीवरचा.
जकात नाका उठला त्या रात्री
यशवंत सुळगेकर आडव्या बांबूच्या रिकाम्या खुंटापाशी बसून होता,
ट्रक थांबत नव्हते
तरी प्रत्येकाला हात करत.

मग आला नगरलेखक. इथं मी चष्मा पुसला.
त्याची शपथ बारीक अक्षरांत आहे, तिनं उलगडून दिली:
सभेत बोललं गेलं तेवढंच लिहीन,
आणि लिहिलेलं
कुणाच्या डोळ्यांकडे बघून खोडणार नाही.

पाचव्या कपाटात एक ठराव आहे,
गाव कुठल्या राज्यात असावं त्याचा.
मंजूर झाला तेव्हा मराठीत, माझ्याच अक्षरात.
रद्द झाला तेव्हा कन्नडमध्ये, तेही माझंच अक्षर.
मधल्या वर्षात बसव्वाबाईंच्या ओसरीवर
त्यांच्या नातवाच्या पाटीवर गिरवलेलं.
एक गृहस्थ पाकीट घेऊन आले,
पान सैल आहे का विचारत.
म्हटलं, शिवण पक्की आहे.
पुढच्या महिन्यात दुसरे आले, दुसऱ्या पानासाठी.
शिवण तीच होती.

यादीत सगळ्यात खाली, जवळजवळ चौकटीच्या लाकडात:
बुरुजावरचा माणूस.
दर तासाला शिंग फुंकायचं.
शत्रू आला म्हणून नव्हे.
आपण झोपलो नाही, एवढं कळवायला.

दस्तगीर मुल्ला.
पालिकेच्या गच्चीवर भोंग्याचं बटण.
सकाळी सात, दुपारी बारा, रात्री साडेआठ.
एकदाच चुकला, सत्तावीस मिनिटं.
तेवढ्यात गावाला कळेना
भाकरी थापायची की थांबायचं,
पेठेतले दुकानदार अर्ध्या शटरला धरून उभे,
तालमीतली पोरं घाम निथळत बैठका मारतच राहिली.
मेमो मीच टाइप केला.
खुलाशात त्यानं लिहिलं,
बायको दवाखान्यात होती.
जागा होतो साहेब, दुसरीकडे.

आता भोंगा टायमरवर आहे.
सेकंदानं चुकत नाही.
साडेआठ झाले की मी अजून गच्चीकडे बघतो,
बटणाशी कुणी नसतं
आणि आवाज होतो.

फोटोची झेरॉक्स काढून आणली.
शेवटच्या ओळीपुढं शिसपेन्सिलीनं लिहिलं: हजर.
स्वतःच्या ओळीपुढं अजून काही लिहिलेलं नाही.
पुतणीला कळवलं,
त्या बुरुजावरच्या माणसाला पेन्शन होती का,
एवढं तिथल्या कचेरीत विचारून ठेव.