नऊ इंचांवर

पौषातला शनिवार. अंबडहून कंपनीची बस निघाली
तेव्हा काचांवर दव इतकं,
की कुणीतरी बोटानं 'ओव्हरटाइम?' लिहिलं
आणि सिडकोपर्यंत आम्ही हसत राहिलो.
उद्यानाच्या फाटकाशी प्रत्येकाला एक टी-शर्ट,
पोपटी, छातीवर कंपनी, पाठीवर पृथ्वी.
माझ्या मापाचा संपला होता.
पोट आत ओढून उभा राहिलो.

मी क्वालिटीत आहे, तेवीस वर्षं.
मायक्रॉनसाठी माल परत पाठवणारा माणूस.
म्हणून म्हणाले, वाघचौरे, अंतर तुम्ही बघा.
रोप ते रोप नऊ इंच.
खिशात पट्टी होतीच.
यमुनाबाईनं, बागेतल्या ठेक्यावरच्या माळणीनं,
पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग पंजा ताणून मातीवर ठेवला:
"ही माझी वीत. नऊच भरते. करा खात्री."
मी खरंच मोजली.
साडेआठ होती.
काही बोललो नाही.

पिटुनिया, डायंथस, बुटका सालव्हिया,
काळ्या पिशव्यांत अठराशे रोपं.
अकाउंट्सच्या कुलथे मॅडम चपला काढून वाफ्यात उतरल्या
आणि "अगंबाई, किती गार!" म्हणून
तिथंच उभ्या राहिल्या बराच वेळ.
प्लांट हेडसाठी खड्डा आधीच खणून ठेवलेला.
फोटो झाला. परत एकदा झाला,
पहिल्यात झारी रिकामी दिसत होती.
एचआरच्या मुलीनं माइकवर सांगितलं,
या शहराला पूर्वी गुलशनाबाद म्हणायचे.
टाळ्या पडल्या.
गोदावरीच्या अंगानं वारा आला,
बॅनर फुगला, एका बाजूनं सुटला.

प्रणिल पिंगळ, ट्रेनी, दिंडोरीकडचा,
दोन ओळी मागे राहिला होता, कुंपणापाशी.
"अरे, तासाला शंभर तरी व्हायला हवीत!"
"होतायत, सर."
झाली नाहीत.
अकराला मिसळ आली, कागदी वाट्यांत, पाव गारठलेले.
साडेअकराला बस सुटली.

फाल्गुनात परत गेलो, एकटाच.
मुलीचा क्लास सुटायला तासभर होता.
फुलं आली होती. नुसती आली नव्हती,
एकमेकांच्या अंगावर पडून फुलली होती,
त्यात एक लाल असा
की आमच्या पेंट शॉपच्या कुठल्याच कार्डात बसला नसता.
यमुनाबाई नळीच्या तोंडाला अंगठा लावून पाणी उडवत होती.
टी-शर्ट नव्हता, चटकन ओळखलं नाही.
मग म्हणाली, "तुम्ही पट्टीवाले."
"छान आलीयेत," मी म्हणालो, जरा हक्कानं.

"येतील नाही तर काय.
तुम्ही गेल्यावर तीन दिवस मी न् माझी जाऊ
उपटून उपटून परत लावत होतो.
पिशवीसकट पुरलेली तुम्ही लोकांनी.
मुळांनी जायचं कुठं?"

तपासणी माझी होती.
वरचं अंतर मी मोजलं होतं.

"त्या दोन ओळी तेवढ्या नाही उपटल्या."
नळीनं दाखवल्या. कुंपणाकडच्या,
कुठं सात इंच, कुठं बारा.
"त्या पोरानं पिशव्या काढून, घड्या घालून
खिशात ठेवल्या होत्या.
येतो ना अजून कामाला?"

एकतीस जानेवारीला त्याचा गेटपास संपला.
फॉर्मवर सही माझीच.
'कामाचा वेग' या रकान्यात
मी 'कमी' लिहिलं होतं,
सुवाच्य अक्षरात.

"हो," म्हणालो. "येतो."

नळीचं पाणी वाफ्यातून वाट काढत
माझ्या बुटांपाशी आलं, थांबलं.
"सरका जरा," ती म्हणाली.
सरकलो.