दहा वार

मेनरोडच्या दुकानात मी कापड मोजतो.
मीटरपट्टी काउंटरला ठोकलेली आहे,
पण लुगडं घ्यायला आलेल्या म्हातारीचा
पट्टीवर विश्वास नसतो.
तिच्यासाठी मी नाकापासून बोटापर्यंत हात ताणतो,
एक वार, दोन वार,
नवव्याला ती मान हलवते.

म्हणून भूषण खैरनारने तो दोन्हीकडून टोकदार चेंडू
तपोवनात आणला,
आणि म्हणाला, चार डावांत दहा यार्ड, बस्स,
बाकी नियम हळूहळू कळतील,
तेव्हा सगळे एकमेकांकडे बघत राहिले, यार्ड म्हणजे किती.
मी म्हणालो, वार.
नऊवारी आणि वर एक.
त्या दिवसापासून फक्की मारायचं काम माझ्याकडे.

जागा साधूंची. बारा वर्षांनी त्यांची,
मधे बाभळींची, शेळ्यांची, स्कूटी शिकणाऱ्या मुलींची,
रविवारी साडेसहा ते नऊ आमची.
सातपूरहून रात्रपाळी संपवून थेट येणारे दोघे पगार,
सख्खे भाऊ,
एकमेकांना अडवताना जरा जास्तच जोर लावणारे.
इम्तियाज कोकणी, कबड्डीत रेषेवर पाय पडतो
म्हणून काढून टाकलेला.
तेजल गांगुर्डे. तिला पोरांनी पहिल्या दिवशी
सांभाळून अडवलं. एकदाच.
हेल्मेटं परवडत नाहीत, म्हणून पाडायचं नाही.
कमरेला ब्लाउजपीसच्या उरलेल्या पट्ट्या,
ओढली की डाव संपला.
पट्ट्या मीच कापतो. शेठना माहीत आहे, नाहीही.

मी मधला. वाकायचं,
पायांतून चेंडू मागे द्यायचा,
मग समोरच्याच्या छातीला छाती.
चेंडू कुठे गेला ते मला
नेहमी आरडाओरड्यावरून कळतं.

पुण्याची टीम मिनीबसने आली.
पाठीवर नावं, पंचाच्या गळ्यात शिट्टी, सगळं रीतसर.
आम्ही एकतीसने मागे होतो
आणि चौथ्या डावात तेजल सुटली,
गुलाबी पट्टी मागे फडफडत,
शेळ्यांच्या मधून, हो, शेळ्यांच्या मधून,
आणि रेषेपाशी कुणीतरी ती पट्टी ओढली.
दहा झाले? नाही झाले?
फक्की तोवर पायांनी पुसली होती.
पंच म्हणाला, साखळी आणा.

साखळी कुठली.
संगमावर यमुनाबाई कपडे वाळत घालत होत्या.
धाकट्या पगारने हात जोडले.
"मातीत लोळवू नका," एवढंच बोलून
त्यांनी हिरवं लुगडं दिलं.
दोघा भावांनी टोकं धरली,
मैदानावर सरळ ताणलं,
आणि पुढचा एक वार मी मोजला,
गुडघ्यावर बसून, नाकापासून बोटापर्यंत.
पुण्याची पोरं फोटो काढत होती.

चार बोटं.
चेंडूचं नाक चार बोटं पुढे होतं.
पंचाने हात दाखवला आणि आमची माणसं
एकमेकांच्या अंगावर पडली,
जशी आजवर कुणाला पाडायला परवानगी नव्हती.

मी उभा होतो.
सुती लुगडं आटतं.
दुकानात मी रोज सांगतो, ताई, वीतभर जास्त घ्या.
आणि हे तर काठाला विरलेलं, तीन-चार वर्षं धुतलेलं.
मी काही बोललो नाही.
पुढच्याच डावात इम्तियाजच्या हातून चेंडू निसटला,
तरीही बोललो नाही.

लुगडं झटकताना यमुनाबाई म्हणाल्या,
"घेतलं तेव्हा नऊ होतं रे."
माझ्याकडे बघून म्हणाल्या की नुसत्याच, ठाऊक नाही.
तेव्हा शिट्टी वाजली होती आणि सगळे
मिसळ खायला निघाले होते.

सोमवारी पहिलंच गिऱ्हाईक, परकराचं कापड.
कात्री खुणेच्या पुढे गेली, चार बोटं.
गल्ल्यावरून शेठ म्हणाले,
"हात लांब झाला का रे तुझा?"
म्हटलं, काल पडलो, खांदा दुखतोय.
घडी घातली. पिशवीत दिली.