जलचिन्ह

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये मी नोटा तपासायचे,
सकाळची पाळी, एकोणीस वर्षं.
पसरलेली शाई, सरकलेला आकडा, कडेची सुरकुती,
सगळं आधी उजव्या डोळ्याला दिसायचं.
डावा मागाहून होकार द्यायचा.

ओठाच्या कोपऱ्यात फोड यायचे लहानपणापासून.
"ताप बाहेर पडला," म्हणायची आई,
लोणी लावायची आणि विसरायची.
खपली पडली की मीही विसरायचे.
ते मात्र नसेच्या गाठीत पाय पोटाशी घेऊन
नुसतं झोपलेलं असायचं.

मग एका एप्रिलात उजेड टोचू लागला.
पापणीखाली वाळू.
जेलरोडच्या दुकानदारानं काउंटरवरूनच बाटली दिली,
"डोळे आलेत वहिनी, साथ आहे."
तीन दिवस बरं वाटलं.
त्या बरं वाटण्याचाच राग येतो अजून.

निकुंभ मॅडमनी डोळ्यात पिवळा रंग सोडला,
निळा दिवा धरला,
आणि बराच वेळ बोलल्याच नाहीत.
मग चिठ्ठीच्या पाठीवर पेनानं काढून दाखवली
एक फांदी. बाभळीची असावी तशी, टोकांना गाठी.
"ही तुमच्या बुबुळावर आहे.
बाटलीत स्टेरॉइड होतं. तुम्ही तिला पाणी घालत होतात."

सासूबाई म्हणाल्या, नागीण. मंतरून घेऊ.
मी म्हटलं, नागीण नाही, तिच्या भावकीतली.
मंत्र नको, मलम आहे.
दिवसातून पाच वेळा.
दोन वेळा भोंग्यावर, एक दूधवाल्यावर,
उरलेल्या दोन भास्करच्या आठवणीवर,
म्हणजे एकच.

जखम भरली. डाग राहिला.
गोळी मात्र पुढे वर्षभर, रोज,
निजलेल्याला निजवत ठेवायला.
देवरेसाहेबांनी मला आवक-जावकला बसवलं,
माझ्याकडे न बघता.

नोट उजेडासमोर धरली की आतलं चित्र दिसतं.
माझं उलटं आहे.
मी उजेडाकडे पाहिलं की ते मला दिसतं,
पांढुरकं, कडा विरलेलं,
इतर कुणाला न वटणारं.

परवा पुन्हा ओठ चुरचुरला, मुंग्या आल्यासारखा.
फोड यायच्या आधीच गोळी घेतली,
टॉवेल वेगळा केला, हात धुतले.
दाराशी रेवा, सव्वादोन वर्षांची, गाल पुढे करून.
"पापी?"
"शुक्रवारी," म्हटलं.
तिला वार कळत नाहीत.
गाल तसाच पुढे.